पैशाचे सोंग

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला फोनवर एक चित्रफीत पाठवली. तिच्यात एक सरकारी अधिकारी आपल्या खुर्चीत बसून सांगत होता की, गावच्या वहाळावरील वाहून गेलेल्या साकवाच्या जागी पक्का पूल बांधण्याचे काम येत्या पंधरा दिवसांत सुरू होईल आणि झालेल्या विलंबाबद्दल प्रशासन ग्रामस्थांची जाहीर माफी मागत आहे. चेहरा त्या अधिकाऱ्याचा होता, आवाजही त्याचाच वाटत होता. दोन्ही संगणकाने तयार केलेले होते. खाली भाच्याने लिहिले होते, “मावशी, तू इतकी वर्षं सरकारी पत्रं टाइप केलीस. भाषा खरी वाटते का, तेवढं सांग. वाटली, की गावाच्या ग्रुपवर सोडतो. मग बघू, साहेब नाही कसं म्हणतात ते.”

मी त्याला दोन दिवस उत्तर दिले नाही. त्याचे गाऱ्हाणे खरे आहे. साकव गेल्यापासून पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतल्या मुलांना शाळेसाठी चार किलोमीटरचा वळसा पडतो, अर्जांवर अर्ज झाले आहेत आणि उत्तर म्हणून मिळते ती केवळ पोच. अशा वेळी तरुण माणसाला काहीतरी सणसणीत करावेसे वाटणे मला समजते. त्याने जे योजले होते, ते याआधी जगातल्या फार मोठ्या व्यासपीठावर एकदा घडून गेले आहे, आणि ते आपल्याच देशातल्या लोकांच्या नावाने घडले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

3 डिसेंबर 2004 रोजी भोपाळच्या वायुकांडाला वीस वर्षे पूर्ण झाली. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट झोपलेल्या वस्त्यांवर पसरले, त्या रात्रीचा तो स्मृतिदिन. बीबीसी वर्ल्ड या वाहिनीला त्यानिमित्त डाऊ केमिकल कंपनीचा प्रतिनिधी हवा होता, कारण युनियन कार्बाइड 2001 मध्ये डाऊने विकत घेतली होती. वाहिनीच्या लोकांनी इंटरनेटवर शोध घेतला आणि डाऊचे समजून ज्या संकेतस्थळावर ते पोचले, ते ‘द येस मेन’ या नावाने काम करणाऱ्या दोन अमेरिकी कार्यकर्त्यांनी उभे केलेले बनावट संकेतस्थळ होते. आमंत्रण बीबीसीकडूनच गेले. त्या दोघांपैकी अँडी बिकलबॉम पॅरिसमधील स्टुडिओत सूट घालून, ‘ज्यूड फिनिस्टेरा’ असे नाव धारण करून बसला आणि थेट प्रक्षेपणात त्याने जाहीर केले की, डाऊ भोपाळची संपूर्ण जबाबदारी स्वीकारत आहे. युनियन कार्बाइड विकून 12 अब्ज डॉलर उभे केले जातील. त्यातून पीडितांना भरपाई आणि आयुष्यभराचे उपचार मिळतील, कारखान्याची जागा स्वच्छ केली जाईल, आणि दुर्घटनेच्या वेळचा युनियन कार्बाइडचा प्रमुख वॉरन अँडरसन याला भारताच्या स्वाधीन करावे यासाठी कंपनी स्वतः प्रयत्न करील.

ही मुलाखत दोनदा दाखवली गेली. सुमारे दोन तासांनी खऱ्या डाऊने आपला असा कोणी प्रवक्ता नसल्याचे कळवले आणि बीबीसीने बातमी मागे घेऊन माफी मागितली. दरम्यान फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात डाऊचा भाव 23 मिनिटांत 4 टक्क्यांहून अधिक घसरला होता आणि कंपनीच्या बाजारमूल्यातले सुमारे 2 अब्ज डॉलर नाहीसे झाले होते. बनाव उघड झाल्यावर भाव पुन्हा सावरला.

या 23 मिनिटांपाशी मला थांबावेसे वाटते, कारण या साऱ्या प्रकाराची किंमत मोजायची तर ती येथेच मोजली पाहिजे. 1989 मध्ये युनियन कार्बाइड आणि भारत सरकार यांच्यात जी तडजोड झाली, ती 47 कोटी डॉलरची होती. सरकारने 2006 मध्ये न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात बाधितांची संख्या 5,58,125 इतकी सांगितली आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या हाती आरंभी पडले ते 25,000 रुपये. म्हणजे एका कंपनीने चांगुलपणा दाखवल्याच्या नुसत्या बातमीने बाजाराने जेवढे मूल्य 23 मिनिटांत पुसून टाकले, ते पाच लाखांहून अधिक माणसांच्या फुप्फुसांच्या, डोळ्यांच्या आणि गेलेल्या जिवांच्या ठरलेल्या किमतीच्या चौपटीहून जास्त होते. ‘कंपन्यांना माणुसकी परवडत नाही’ असे आपण भाषणांत ऐकतो आणि सोडून देतो. त्या दिवशी ते वाक्य भावफलकावर आकड्यांत उमटले. तो आकडा कोणत्याही मोर्चातून निघाला नसता, कोणत्याही शोधनिबंधाला तो मांडता आला नसता, आणि तो मांडण्यासाठी खोटे बोलण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

त्यानंतर या जोडीने डाऊच्याच नावाने आणखी एक पत्रक काढले. आपण पीडितांना काहीही देणार नाही, कंपनीची जबाबदारी फक्त भागधारकांप्रती आहे, अशा अर्थाचा निर्विकार खुलासा त्यात होता, आणि काही ठिकाणी तोही खरा समजून छापला गेला. तो बनाव मला पहिल्यापेक्षा अधिक सरळ वाटतो. त्याने कोणाला नसलेली आशा दाखवली नाही; कंपनी जशी वागत होती, तेच तिच्या तोंडून वदवून घेतले.

आपल्याकडे म्हण आहे की, सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. बिकलबॉमने नेमके पैशाचे सोंग आणले, आणि जगभरच्या प्रेक्षकांसमोर ते दोन तास टिकवले. पण म्हण खोटी ठरली नाही. भोपाळमध्ये त्या बातमीने काही लोक आनंदाने रडले होते, असे त्याच दिवशीच्या बातम्यांत आले. वीस वर्षे जे औषधाच्या रांगेत उभे होते, त्यांच्यापुढे 12 अब्ज डॉलर धरले गेले आणि काढून घेतले गेले. पुढे हे दोघे भोपाळला गेले, तेथील कार्यकर्त्यांना भेटले. त्यांच्या 2009 मधील माहितीपटात ही भेट आहे. वाईट वाटले, पण आमचा प्रश्न जगापुढे आला हे चांगले झाले, असाच तेथल्या लोकांचा सूर दिसतो. हा त्या लोकांचा मोठेपणा आहे. परंतु ज्याची फसवणूक झाली त्याने नंतर क्षमा केली, म्हणून आधी त्याला न विचारण्याचे समर्थन होते, असे मला वाटत नाही. असे मला का वाटते, त्याला माझ्या स्वतःच्या आयुष्यातले एक कारण आहे.

1993 चा उन्हाळा होता. आमच्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा नळाला पाणी येत असे, तेही करंगळीएवढ्या धारेने. आम्ही महाविद्यालयातली पाच मुले-मुली होतो आणि मी नुकतीच टंकलेखनाच्या वर्गाला जाऊ लागले होते. आम्ही ठरवले की, नगरपालिकेच्या नावाने एक सूचना काढायची. ती मी टाइप केली. तिचा मजकूर मला आजही पाठ आहे : ‘सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, उद्यापासून शहराच्या सर्व भागांत दररोज सकाळी 6 ते 8 या वेळेत पूर्ण दाबाने पाणीपुरवठा करण्यात येईल. आजवर झालेल्या गैरसोयीबद्दल नगरपालिका दिलगीर आहे.’ पहाटे आम्ही ती बाजारपेठेत, एस. टी. स्थानकावर आणि आमच्या आळीच्या तोंडाशी चिकटवली. आमचा हिशेब असा होता की, पालिकेला स्वतः पुढे येऊन ‘आम्ही पाणी देणार नाही’ असे जाहीरपणे म्हणावे लागेल.

तो हिशेब अचूक निघाला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास रिक्षावर भोंगा लावून पालिकेने सांगितले की, सदर सूचना खोडसाळ असून नागरिकांनी तिच्यावर विश्वास ठेवू नये. गावातल्या साप्ताहिकाने चौकट छापली, लोक हसले, पालिकेची शोभा झाली. आमच्या लेखी आंदोलन यशस्वी झाले होते.

मात्र आदल्या दिवशी दुपारी आमच्या वाड्यामागे राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक काकू मला आळीच्या तोंडाशी भेटल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “वाच गं बाय, काय लिव्हलंय?” मी वाचले. भोवती चार माणसे उभी होती, आमचे गुपित फुटायचे नव्हते, म्हणून मी ते स्वच्छ, मोठ्या आवाजात, खरे असल्यासारखे वाचले. संध्याकाळी मागच्या दाराने पाहिले, तर काकू आपल्या दोन तांब्याच्या घागरी राख आणि चिंच लावून घासत होत्या. उद्या ताजे पाणी येणार, म्हणून त्यांनी शिळे पाणी ओतून टाकले होते. घागरी लख्ख झाल्या होत्या आणि पायरीशेजारची माती ओली होती. त्यानंतर चार दिवस नळाला पाणी आले नाही. आमच्या घरातून आईने त्यांना रोज एक कळशी दिली. ती सूचना कोणी टाइप केली, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही, कारण मी सांगितले नाही.

तेव्हापासून अशा कोणत्याही युक्तीबद्दल मी एवढेच पाहते की, तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचे काय जाते आणि तो विश्वास ठेवणारा कोण आहे. पालिकेचे काय गेले? एका भोंग्याचे भाडे. डाऊचे 2 अब्ज गेले आणि दिवस मावळायच्या आत परतही आले. जे कायमचे गेले, ते ओतलेल्या घागरीचे पाणी होते.

कोणी म्हणेल की, मग सोंग घेणेच चूक आहे. तसे मला म्हणायचे नाही. आपल्या मातीत तर सोंगाची फार जुनी आणि शहाणी परंपरा आहे. सुगीनंतर गावात बहुरूपी येत. हवालदाराच्या वेषात दारात उभा राहून बहुरूपी ‘चला ठाण्यावर’ म्हणून दरडावत असे, घरातली माणसे क्षणभर गांगरत, आणि मग तोच खदखदून हसून पसरलेल्या झोळीने सोंग उलगडून दाखवत असे. भीती दारात सुरू होऊन दारातच संपत असे आणि उलगडा करण्याचे काम सोंग घेणाऱ्याचेच असे. बातमी दुसऱ्या गावाला पोचून तिथे कोणी घरदार सोडून पळाले, असे घडत नसे.

आणि खोडीला खोटे लागतेच असे नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांत झाडे लावणे, कामावर न येणाऱ्या अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीला हार घालणे, टेबलावर बेशरमाची रोपे नेऊन ठेवणे, आश्वासनांच्या बदल्यात गाजरे वाटणे, हे सगळे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आले आहे. यांत कोणीही फसत नाही. खड्डा खरा असतो, खुर्ची खरोखर रिकामी असते. खोडी फक्त तिच्याकडे बोट करते. सर्बियातल्या बेलग्रेडमध्ये ‘ओतपोर’ या विद्यार्थी संघटनेने रस्त्यात एक पिंप ठेवले, त्यावर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच याचा चेहरा रंगवला आणि नाणे टाकून दांडका मारण्याची सोय केली. लोकांनी रांग लावली. ज्यांनी पिंप ठेवले ते निघून गेले होते, त्यामुळे पोलिसांनी शेवटी पिंपच उचलून नेले आणि ते दृश्य देशभर पोचले. ऑक्टोबर 2000 मध्ये मिलोशेविचला सत्ता सोडावी लागली. ती पिंपामुळे सुटली नाही. पिंपामागे गावोगावी पसरलेली संघटना होती आणि निवडणुकीत उतरलेले मतदार होते. पिंपाने लोकांच्या मनातली भीती तेवढी उतरवली, आणि भीती उतरणे ही लहान गोष्ट नाही.

भोपाळच्या बनावामागेही असेच कोणी होते, फक्त आपण त्यांची आठवण कमी काढतो. 2002 मध्ये भोपाळच्या महिलांनी ‘झाडू मारो डाऊ को’ ही मोहीम सुरू केली. त्या डिसेंबरात सुमारे दोनशे जणी मुंबईत डाऊच्या कार्यालयावर चालून गेल्या. त्यांच्या हातांत झाडू होते आणि सोबत कारखान्याच्या परिसरातली विषारी माती आणि पाणी होते. ‘ही तुमची घाण, तुम्ही साफ करा’ एवढाच त्याचा अर्थ, आणि तो कोणत्याही भाषेतल्या माणसाला कळेल असा होता. कंपनीने त्यावर काय करावे? कामाचा खोळंबा झाला म्हणून तिने या पीडितांवरच नुकसानभरपाईचा दावा लावला. बनावट प्रवक्त्याच्या तोंडून डाऊचा जो स्वभाव जगाला दिसला, तो या दाव्यातून त्याआधी दोन वर्षे दिसून चुकला होता, आणि त्यासाठी एकाही बाईला खोटे बोलावे लागले नव्हते. या लढ्यातल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना 2004 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुढे 2006 आणि 2008 मध्ये भोपाळचे लोक दिल्लीपर्यंत पायी गेले.

आपल्या चाकणजवळच्या शिंदे-वासुलीचे उदाहरणही मराठी माणसाने विसरू नये. तेथे डाऊचे संशोधन केंद्र येऊ घातले होते. 2008 मध्ये गावकरी आणि वारकरी मंडळी एकत्र आली, त्यांनी महिनोन् महिने बांधकामाची वाट अडवून धरली आणि अखेर कंपनीला तेथून पाय काढावा लागला. त्या जुलैमध्ये तेथे जाळपोळही झाली आणि तिचे समर्थन मी करणार नाही; परंतु कंपनी हटली ती गाव रस्त्यावरून हटले नाही म्हणून, आणि भोपाळचे नाव ऐकल्यावर गावाला वेगळे काही समजावण्याची गरज पडली नाही म्हणून.

येस मेनच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 2012 मध्ये विकिलीक्सने स्ट्रॅटफॉर या अमेरिकी गुप्तवार्ता कंपनीचे ई-मेल उघड केले, तेव्हा दिसून आले की डाऊने भोपाळच्या कार्यकर्त्यांवर आणि येस मेनवर लक्ष ठेवण्यासाठी तिला काम दिले होते. ज्या गोष्टीने काहीच बिघडत नाही, तिच्यावर कोणी पैसे देऊन पाळत ठेवत नाही. म्हणून बनाव निष्फळ ठरला असे मी म्हणणार नाही. त्याने कंपनीला बोचले, जगाला आठवण दिली. पण अँडरसन 2014 मध्ये अमेरिकेतच वारला. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. कारखान्यात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा हलायला 2025 उजाडावे लागले, आणि तो जाळण्यासाठी पिथमपूरला नेण्यात आला तेव्हा तेथील लोक आपल्या जिवाच्या भीतीने रस्त्यावर आले. भोपाळच्या जमिनीतले आणि भूजलातले विष अजून तेथेच आहे. यात 2004 च्या त्या दोन तासांचा वाटा कोठे आहे, हे मी शोधून पाहिले, आणि तो मला फक्त आपल्या आठवणीत सापडतो.

शिवाय 2004 चे जग आता राहिलेले नाही. तेव्हा वाहिनीवरचा माणूस खोटा निघणे ही घटना होती. आता खोटी चित्रफीत रोज सकाळी चहाबरोबर येते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणाऱ्या टोळीच्या मोबाइलवरून फिरलेल्या अफवेपायी, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा कोणी आंदोलन म्हणून पसरवली नव्हती, हे मला कळते. पण आपण सोडलेली गोष्ट कोणत्या हातात जाऊन काय रूप घेईल, हे आपल्या हेतूवर राहत नाही, आणि सत्ताधाऱ्यालाही आता एक आयते उत्तर मिळाले आहे. खरा पुरावा पुढे ठेवला तरी तो म्हणतो, ‘ही बनावट चित्रफीत आहे.’ आपण एकदा बनावट सोडली, की त्याचे ते म्हणणे आपणच खरे करून देतो.

तिसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला आणि घागरींची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती प्रथमच कोणाला सांगत होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण मावशी, आमच्याकडे दुसरं आहेच काय?” मी त्याला आजवरचे सगळे कागद पाठवायला सांगितले. संध्याकाळी तेवीस पानांची छायाचित्रे आली. सतरावे पान माहितीच्या अधिकारात मिळालेले उत्तर होते. त्यात स्वच्छ लिहिले होते, ‘सदर साकवाच्या दुरुस्तीचे काम पूर्ण झाले असून देयक अदा करण्यात आले आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. दीड वर्ष हा कागद त्याच्या कपाटात होता आणि तो खोटी माफी तयार करत बसला होता. मी त्याला म्हटले, “अरे, यांनीच तुला एवढं मोठं सोंग लेखी दिलंय. तुला तुझं वेगळं कशाला हवं?”

आता दुरुस्त झालेल्या साकवाचा लोकार्पण सोहळा ठरला आहे. निमंत्रण मी टाइप करत आहे आणि भाषा सरकारीच ठेवली आहे : ‘आपल्या कार्यालयाने कळविल्यानुसार पूर्ण झालेल्या साकवाचे लोकार्पण आपल्या शुभहस्ते करण्याचे योजिले आहे.’ पत्रिकेच्या मागच्या बाजूस ते सतरावे पान जसेच्या तसे छापायचे आहे. जावक क्रमांक नीट वाचता येईल एवढे अक्षर मोठे ठेवायचे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरी जाऊन दोन्ही बाजू वाचून दाखवायच्या, हेही ठरले आहे. फीत दोन काठांवरच्या दोन झाडांना बांधायची. ती किती लांब लागेल हे मोजायला भाचा उद्या सकाळी सुंभाचा वेढा घेऊन वहाळावर जाणार आहे.